ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया

(सीएमएआय). भारतातील ख्रिस्ती रुग्णालयांची व त्यांत काम करणाऱ्यांची, मुख्यतः प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांशी निगडित, संघटना. वैद्यकीय मिशनऱ्यांनी १९०५ मध्ये स्थापलेल्या मेडिकल मिशनरी असोसिएशनने १९२६ मध्ये हे नाव घेतले. मुख्यालय दीर्घकाळ नागपुरात होते, पुढे ते नवी दिल्लीला गेले. संघटना ज्या परिषदेची आरोग्यशाखा मानली जाते, त्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचे मुख्यालय मात्र नागपुरातच आहे.

सभासदत्व संस्थांना व व्यक्तींना खुले आहे. डॉक्टर, परिचारिका, संलग्न आरोग्य व्यावसायिक, प्रशासक आणि चॅप्लेन (रुग्णालयातील धर्मसेवक) असे पाच विभाग आहेत. चॅप्लेनांना डॉक्टरांच्या बरोबरीने स्वतंत्र विभाग देणे हे या रचनेचे वेगळेपण. दर दोन वर्षांनी अधिवेशन भरते. अध्यक्ष निवडून येतो. रोजचा कारभार सरचिटणीस पाहतो.

या कारभाराची खरी मर्यादा मालकीत आहे. मिरजेचे वॉनलेस (१८९४) असो वा वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स, मिशन रुग्णालयाची जमीन, इमारत आणि नेमणुकांचा अधिकार त्या त्या चर्चकडे किंवा विश्वस्तांकडे असतो. संघटना सल्ला देते, प्रशिक्षण देते, सरकारदरबारी बाजू मांडते. बुडीत निघालेले रुग्णालय ती ताब्यात घेऊ शकत नाही. तिचा अधिकार ठोसपणे जाणवतो तो परिचर्या शिक्षणात. १९३० मध्ये स्थापन झालेल्या नर्सेस लीगची परीक्षा मंडळे अभ्यासक्रम चालवतात व पदविका देतात. याउलट १९७० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे रुग्णालयांचे थेट व्यवस्थापन आहे. नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाडा येथील रुग्णालय त्यांपैकीच. कॅथलिक रुग्णालयांची संघटना निराळी असून तिची स्थापना १९४३ मध्ये गुंटूर येथे डॉक्टर असलेल्या सिस्टर मेरी ग्लोरी यांनी केली.

चर्चच्या वर राज्याचा कायदाही आहेच. महाराष्ट्रात पनवेलला असो वा गडचिरोलीत, सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयाची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. विश्वस्त बदलले की त्याची नोंद करावी लागते. स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते.