मँडोलिनची काळी पट्टी

तंतुवाद्याविषयी बोलताना माणसे त्याच्या नादाची, कारागिराच्या नावाची, फार तर पोटाच्या लाकडाची वाखाणणी करतात. ज्या अरुंद पट्टीवर वादकाची बोटे आयुष्यभर फिरतात, तिची विचारपूस मात्र क्वचितच होते. वस्तुतः महाग आणि स्वस्त वाद्यातील भेद, खरे लाकूड आणि रंगविलेले लाकूड यांतील भेद, इतकेच नव्हे तर दूरदूरच्या अरण्यांची आणि कायद्यांची कहाणी त्या पट्टीवर उमटलेली असते. परदेशी बनावटीच्या, सामान्य कुटुंबाला परवडणाऱ्या मँडोलिनची ही पट्टी कशी घडत गेली, याचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

मँडोलिनला आठ तारा असतात. दोन-दोनच्या चार जोड्यांत त्या बसवितात आणि व्हायोलिनप्रमाणेच सोल, रे, ला, मी अशा लावतात. म्हणून व्हायोलिन शिकलेल्या डाव्या हाताला मँडोलिन परके वाटत नाही. भेद एवढाच की येथे गजाऐवजी नखी असते आणि पट्टीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. तारेचा वाजणारा भाग जेमतेम ३५ सेंटिमीटर. परंतु पोलादी तारांच्या चार जोड्या मिळून दांडीवर सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास ताण देतात. एवढ्या ताणाच्या तारा बोटाने दाबायच्या म्हणजे खालची पट्टी कठीण हवी, पडद्यांना घट्ट धरून ठेवणारी हवी आणि ऋतूंच्या फेऱ्यात न वाकणारी हवी. या तीन गरजांतूनच लाकडांची निवड झाली.

नेपल्सच्या जुन्या मँडोलिनला एवढी कठीण पट्टी लागत नसे. पाठ भोपळ्यासारखी फुगीर, तारा आतड्याच्या किंवा पितळेच्या, पट्टी आखूड. विवाल्दीने आपला कॉन्चेर्तो लिहिला आणि मोझार्टने १७८७ साली 'डॉन जोव्हान्नी'तील प्रेमगीताला साथ दिली, ती अशा हलक्या वाद्यासाठी. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या विनाच्चा घराण्यातील पास्क्वाले याने पोलादी तारा आणि लांब पट्टी यांची जोड घातली, तेव्हा वाद्याचा आवाज मोठा झाला. रोममध्ये लुइजी एम्बेर्गेर (१८५६-१९४३) याने दांडी अरुंद केली आणि पट्टीला आडवा बाक दिला. आज दुकानदार पट्टीचा बाक हे नवे वैशिष्ट्य म्हणून सांगतात. पण रोमच्या या कारागिराच्या वाद्यांत तो पूर्वीच होता.

अमेरिकेत हे वाद्य शिरले ते एका गमतीदार गैरसमजातून. १८८० साली स्पेनच्या विद्यार्थ्यांचे एक वादकपथक न्यू यॉर्कला आले. त्यांच्या हातांत होता बंदुरिया. पण त्यांचे यश पाहून कार्लो कुर्ती नावाच्या इटालियन वादकाने आपल्या देशबांधवांचे तसेच पथक उभारले आणि त्यांच्या हाती मँडोलिने दिली. श्रोत्यांना दोहोंतील फरक कळला नाही. पाहता पाहता गावोगावी मँडोलिनची मंडळे निघाली. नेपल्सहून वाद्ये आयात होऊ लागली, शिकागोच्या लायन अँड हीली कंपनीने ती कारखान्यात भराभर बनविली आणि टपालाने माल पाठविणाऱ्या सीअर्स रोबकच्या सूचिपत्रांतून ती शेतकऱ्यांच्या घरी पोहोचली.

काळ्या रंगाची करामत सुरू झाली ती याच बाजारात. उत्तम वाद्याची पट्टी आबनुसाची, म्हणजे काळी, हे ग्राहकाला ठाऊक होते. आबनूस हे मोलाचे लाकूड आहे हे जगाला पुरातन काळापासून माहीत आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात (२७:१५) सोर नगरीच्या बाजारात हस्तिदंताबरोबर आबनूस आल्याचा उल्लेख आहे. पण ते महाग, मंद गतीने वाढणारे आणि कापताना हत्यारांची धार घालविणारे. म्हणून स्वस्त वाद्यांवर नासपतीच्या किंवा मेपलच्या लाकडाला काळा रंग देऊन तशी पट्टी बसवू लागले. लाकडातील टॅनिन आणि लोखंडाचे क्षार यांच्या संयोगाने काळा रंग चढतो, ही युक्ती सुतारांना पूर्वीपासून अवगत होती. नवे असताना डोळा फसतो. काही वर्षांनी पडद्यांमधील जागा बोटांनी घासली जाते, आणि काळ्यामधून फिकट लाकूड डोकावू लागते.

रंगविण्यात पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. मेपल हे वाईट लाकूड नव्हे. व्हायोलिनची पाठ त्याचीच असते. आक्षेप आहे तो मेपलला आबनूस म्हणून विकण्याला. ज्या कुटुंबाने महिनोन् महिने पैसे साठवून मुलासाठी एक वाद्य घेतले, त्याला आपण काय घेतले हे तरी खरे सांगितले पाहिजे.

पुढची पायरी मिशिगन राज्यातील कॅलमाझू या गावी चढली गेली. ऑर्व्हिल गिब्सन याने भोपळ्याची पाठ टाकून व्हायोलिनसारखे कोरलेले पोट आणि पाठ असलेले मँडोलिन केले. १८९८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १९०२ साली त्याच्या नावाची कंपनी निघाली. त्याच कंपनीतील थॅडियस मॅकह्यू याने दांडीच्या पोटात पट्टीखाली लोखंडी सळई बसविण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट १९२३ चे. ताण वाढून दांडी वाकली की सळईचे टोक पिळून ती सरळ करता येते. ही सळई आली आणि दांडी सडपातळ झाली. आज साध्यातल्या साध्या आयात वाद्यातही ती बहुधा असते, आणि आमच्या मते पट्टीच्या लाकडाहून तिचे महत्त्व अधिक आहे.

१९२२ साली लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली गिब्सनने 'एफ-५' हे मँडोलिन काढले. त्यावर आबनुसाची लांब पट्टी होती, दांडी संपल्यावरही पोटावर पुढे आलेली. मँडोलिनची लाट त्या सुमारास ओसरत होती आणि लोअर १९२४ साली कंपनी सोडून गेला. वाद्य विस्मृतीत जायचे, पण केंटकीच्या बिल मन्रो या वादकाला १९४० च्या दशकात फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात १९२३ सालचे एफ-५ विकावयास ठेवलेले दिसले. त्याने ते घेतले आणि त्यावर 'ब्लूग्रास' नावाची संगीतपरंपरा उभी राहिली. आज लोअरच्या सहीचे मँडोलिन एक लाख डॉलरहून अधिक किमतीला जाते. स्वस्त आयात मँडोलिनांपैकी पुष्कळशी याच वाद्याच्या नकला आहेत.

नकलांचे कारखाने फिरते राहिले. जपानमध्ये मासाकिची सुझुकी याच्या नागोयातील व्हायोलिनच्या कारखान्यात मँडोलिनही होत असत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील सागा या कंपनीने 'केंटकी' या नावाखाली जपानी मँडोलिने अमेरिकेत आणली. मजुरी वाढली तसे काम कोरियात गेले, आणि नंतर चीनमध्ये. १९९२ साली ईस्टमन ही कंपनी स्थापन झाली ती व्हायोलिनच्या व्यवसायासाठी. नव्या शतकाच्या आरंभी तिने चीनमधील व्हायोलिन कोरणारे हात मँडोलिनकडे वळविले. यंत्राने दाबून केलेल्या प्लायवुडच्या पोटाऐवजी हाताने कोरलेले अखंड स्प्रूसचे पोट मध्यम किमतीत मिळू लागले, हा स्वस्त मँडोलिनच्या इतिहासातील खरा पालट होय.

आता लाकडांची तुलना करू. आयात मँडोलिनच्या पट्टीवर दीर्घकाळ दोनच लाकडे प्रामुख्याने दिसत: महाग नगावर आबनूस, स्वस्तावर शिसव. वाळलेल्या शिसवाचा एक घनमीटर सुमारे ८३० किलो भरतो, तर आफ्रिकी आबनुसाचा साडेनऊशेच्या घरात. आबनूस अधिक कठीण, त्याचे तंतू अतिसूक्ष्म. हात फिरवला की काचेसारखे गुळगुळीत लागते आणि झीज कमी होते. शिसवाची रंध्रे उघडी, रंग तपकिरी-जांभळा, अंगी स्वतःचे तेल. परंतु शिसवाचा एक गुण जाहिरातीत येत नाही: ते ऋतूंबरोबर कमी हलते. आबनूस सुकताना अधिक आकसते. घाईने सुकविलेली आबनुसी पट्टी थंड देशातील तापविलेल्या कोरड्या खोलीत आक्रसली की पडद्यांची टोके बाहेर येऊन तळहाताला टोचतात, प्रसंगी पट्टीला चीरही जाते. म्हणून नीट सुकविलेले शिसव हे घाईने सुकविलेल्या आबनुसाहून चांगले, असे आमचे मत आहे. नादातील फरकाबद्दल वादक पुष्कळ बोलतात. आबनुसाचा आवाज टणक, शिसवाचा मऊ, असे म्हणतात. आमच्या कानाला पोटाच्या लाकडाचा आणि घोडीचा फरक यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

ही शिसव आपल्याला परकी नाही. आमच्या घरांतील जुने शिसवी पाट आणि झोपाळे ज्या झाडाचे, तेच हे झाड. ब्राझीलने आपल्या शिसवाचे ओंडके देशाबाहेर जाऊ देण्याचे थांबविल्यावर १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मार्टिन कंपनीने गिटारसाठी भारतीय शिसव घेतली आणि दक्षिण भारतातील हे लाकूड जगाच्या वाद्यशाळांत पोहोचले. कोडगू आणि वायनाडच्या कॉफीच्या मळ्यांत ते सावलीसाठी राखलेले असते. याच जातीची लागवड जावा बेटावरही झाली. तेथे तिला सोनोकेलिंग म्हणतात.

मग कायदा आला. २००८ साली अमेरिकेने आपल्या लेसी कायद्याच्या कक्षेत बेकायदा तोडलेले लाकूड आणले. २००९ आणि २०११ साली सरकारी अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. पहिल्या वेळी मादागास्करच्या आबनुसासाठी, दुसऱ्या वेळी भारतातून गेलेल्या आबनूस व शिसवाच्या पट्ट्यांसाठी. भारतीय नियमांनुसार ठरावीक जाडीपलीकडचे कापीव लाकूड निर्यात करता येत नाही. ही पट्टी कापीव लाकूड की वाद्याचा भाग, यावर सारा वाद होता. २०१२ साली तडजोड झाली. कंपनीने मादागास्करच्या प्रकरणी ३ लाख डॉलर दंड आणि वन्यजीव रक्षणासाठी ५० हजार डॉलर दिले; भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणाचा गोंधळ मात्र तडजोडीतही मान्य करण्यात आला. पुढे २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. मूळ कारण चीनमधील शिसवी फर्निचरची प्रचंड मागणी हे होते. पण विक्रीसाठी सीमा ओलांडणाऱ्या स्वस्त मँडोलिनलाही कागदपत्रे लागू लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

त्या तीन वर्षांत कारखानदारांनी अन्य लाकडे शोधली. दक्षिण अमेरिकेतील पाऊ फेरो पुढे आले, कागदाचे थर राळेत दाबून केलेली रिचलाईटची काळी पट्टी अधिक प्रमाणात दिसू लागली आणि स्वस्त गिटारींवर 'इंडियन लॉरेल' हे नाव झळकले. हे लॉरेल म्हणजे आमचा ऐन! ज्याचे वासे आणि खांब कोकणातल्या घरांना लागत आले, तो ऐन साहेबी नाव धारण करून संगीताच्या दुकानात शिरला.

आबनुसाची गोष्ट अधिक बोचणारी आहे. २०११ साली टेलर ही अमेरिकन गिटार कंपनी आणि एक स्पॅनिश भागीदार यांनी कॅमेरूनमधील आबनुसाची गिरणी विकत घेतली. तेव्हा त्यांना असे कळले की, शुद्ध काळ्या गाभ्याचे एक झाड मिळावे म्हणून तोडणारे लोक अनेक झाडे पाडीत. गाभ्यात तपकिरी रेघा निघाल्या की बाजार ते लाकूड नाकारी आणि झाड जंगलातच कुजत राही. बाहेरून गाभ्याचा रंग ओळखता येत नाही. तेव्हापासून त्या कंपनीने रेघांचे आबनूसही वापरण्यास प्रारंभ केला आणि पुढे रोपांच्या लागवडीचे कामही हाती घेतले. रेघ असल्याने लाकूड हलके पडत नाही. उणीव होती ती ग्राहकाच्या दृष्टीत. काळ्या पट्टीच्या हट्टापायी शंभर वर्षे मेपल काळे झाले आणि आबनूस जंगलात सडले.

आपल्या देशात या वाद्याने वेगळाच संसार थाटला. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७-१९९५) यांनी त्यावर हिंदुस्थानी राग वाजविले. आंध्रच्या पालकोल्लूचे यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी विजेच्या मँडोलिनवर जोडतारांऐवजी पाच एकेरी तारा चढवून कर्नाटक संगीताची गमके काढली. मींड काढताना तार पट्टीवर आडवी ओढली जाते. अशा वादनात पट्टीचे आणि पडद्यांचे काम किती कठोर होते, याची कल्पना यावी.

दुकानात हाती आलेल्या मँडोलिनची पट्टी तपासावयाची तर ती पोटावर जेथे संपते, त्या टोकाचा कापीव भाग पाहावा. रंगविलेल्या लाकडाचा फिकटपणा तेथे लवकर सापडतो. ओलसर पांढरे फडके दाबून फिरविल्यास कच्चा रंग उतरतो. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवून पडद्यांची टोके टोचतात का ते पाहावे. ठिपके पाचव्या, सातव्या, दहाव्या आणि बाराव्या पडद्यांपाशी असावेत. गिटारला नववा, मँडोलिनला दहावा ही जुनी रीत आहे. पोटावर पुढे आलेल्या पट्टीच्या शेपटाला फार भुलू नये. तेथील पडदे क्वचितच वाजतात आणि नखी तिच्यावर आपटून खट्खट् होते, म्हणून अनेक चांगले वादक तो भाग कारागिराकडून खोलगट तासून घेतात.