काच गेली, पिवळेपणा आला

रात्री घाटात खड्डा दिसेना म्हणून बाबांच्या गाडीचे पिवळे हेडलाईट टूथपेस्टने घासायला निघालात? थांबा जरा. जुन्या पद्मिनी टॅक्सीचे दिवे असे पिवळे पडलेले आठवतात का? नाही ना, कारण ती काच होती.

अमेरिकेत १९४० पासून ठरलेल्या मापाचा, काचेचा सीलबंद दिवाच लागायचा. फिलामेंट गेली की अख्खा दिवा बदला! १९८३ मध्ये नियम सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनला बॉडीच्या आकारात बसणारे प्लास्टिकचे दिवे आले.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत बायरच्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जीईच्या डॅनियल फॉक्स यांनी ते वेगवेगळं शोधलं. हलकं, सहज न फुटणारं, पण उन्हातल्या यूव्हीने पिवळं पडणारं. म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक थर देतात. तो झिजला की दिवा धुरकट.

टूथपेस्टने चमक येते, थर येत नाही. त्यापेक्षा पाणी मारत ८००, १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर फिरवा, पॉलिश करा आणि वर यूव्ही क्लिअर कोट मारा. मी पहिल्यांदा कोटचा कंटाळा केला होता. पुढच्या उन्हाळ्यात दिवे परत पिवळे!