ताप चढल्यापासून 24 तास

नागपूरजवळच्या चंडीपुरात 1965 साली तापाच्या रुग्णांच्या रक्तात चंडीपुरा विषाणू पहिल्यांदा सापडला. 2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुलांना मेंदूज्वर झाला, 183 दगावली. तपासणीत चंडीपुराच निघाला. 2024 मध्ये तो गुजरातेत उसळला, आणि नंदुरबारची हद्द गुजरातला लागून आहे. खालचा घटनाक्रम कुणा एका मुलाचा नाही. आजाराची चाल नोंदींतली आहे, रस्ता नंदुरबारमधल्या तोरणमाळचा.

काही दिवस आधी, तिन्हीसांज. कुडाच्या भिंतीच्या भेगेतून वाळूमाशी निघते. डासाहून बारीक, उडताना आवाज नाही. अंगणात निजलेल्या पोराला ती चावते आणि विषाणू अंगात सोडते.

पुढची काही मिनिटं. विषाणूच्या अंगावर एकच प्रथिन उभं असतं, जी. ते पेशीला चिकटतं आणि पेशी त्याला स्वतःच पिशवीत ओढून घेते. पिशवीतलं आम्ल वाढतं, तिथेच घात होतो. जीचा आकार पालटतो, त्याची टोकं पिशवीच्या पडद्यात रुततात, मग ते दुमडतं आणि विषाणूचा पडदा पेशीच्या पडद्यात मिसळून जातो. हर्पिस विषाणूला एवढ्यासाठी चार प्रथिनं लागतात: जीडी पेशी ओळखतं, जीएच-जीएलची जोडी इशारा पुढे नेते, जीबी पडदे सांधतं. 2006 मध्ये हर्पिसच्या जीबीची आणि चंडीपुराच्या एका भावंडाच्या जीची रचना उलगडली, तर दोन्हींची घडण एकच निघाली. एकाचा वारसा डीएनएचा, दुसऱ्याचा आरएनएचा; तरी आत शिरायची युक्ती तीच. मला हे अजूनही थक्क करतं.

तास 0, पहाटे 4. ताप एकदम चढतो. घरचे ओली पट्टी ठेवतात.

तास 4. उलट्या. निघायचं ते इथेच. पण पाऊस असतो, आवणीचे दिवस असतात, आणि तापात उलटी होतेच असं घरच्यांना वाटतं.

तास 8. पहिला झटका. डोळे फिरतात, हाक मारली तर ओ नाही.

तास 9. दरीतल्या पाड्यावर गाडी येत नाही. बांबूला झोळी बांधतात. पुढे एक, मागे एक, बदलायला आणखी दोघं. शेवाळलेल्या चढावर पाय घसरतो, झोळी हेलकावते, आणि उताण्या पोराची उलटी श्वासनळीत जायची भीती असते. त्याला कुशीवर ठेवा, हे प्रत्येक पाड्यावर कुणीतरी सांगायलाच हवं.

तास 12. डांबरी रस्ता, 108 ची गाडी. सातपायरी घाट उतरून शहादा सुमारे 55 किलोमीटर.

तास 14. ऑक्सिजन, झटके थांबवणारं इंजेक्शन, मेंदूवरचा दाब उतरवायचं सलाईन. डॉक्टर असायक्लोव्हिरही सुरू करतात, कारण हर्पिसचा मेंदूज्वर असाच दिसतो आणि त्याला हे औषध लागू पडतं. चंडीपुराला नाही. त्याच्यावर लस नाही, नेमकं औषधही नाही. जीला दुमडू न देणारं रसायन अजून घडायचं आहे.

तास 24. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे निघालेला असतो. 2003 मध्ये गेलेली बहुतेक मुलं दाखल झाल्यापासून एका दिवसाच्या आतच गेली. चौथ्या तासाला निघालेलं पोर नवव्यालाच ऑक्सिजनवर असतं.