मॅजेस्टिकचा दिवा आणि बाणाचा वेग

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरच्या आणि साताऱ्यात तयार झालेल्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. साताऱ्याचीच आदिती स्वामी त्या स्पर्धेत महिलांची विश्वविजेती ठरली. ओजसचे पंधराच्या पंधरा बाण पन्नास मीटरवरच्या, जेमतेम आठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात बसले होते. कौतुक हाताचं आणि नजरेचं झालं, ते रास्तच. पण त्या वर्तुळामागचं गणितही एकदा मांडून बघावं. सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटलेला बाण पन्नास मीटर जायला साधारण ०.६ सेकंद घेतो आणि तेवढ्या वेळात सुटलेल्या रेषेपासून पावणेदोन मीटर खाली येतो. वेग एक टक्क्याने घटला तर हे खाली येणं दोन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर. वर्तुळाची त्रिज्या चार. एका टक्क्यातच दहाचा नऊ व्हायची वेळ येते. म्हणून धनुष्य लावून घेताना बाण दोन प्रकाश-सेन्सरांवरून सोडतात. पहिल्यावर सावली पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. दोन्हींत साठ सेंटीमीटर अंतर धरलं तर मधला वेळ सुमारे सात मिलिसेकंद. त्यातला एक टक्का पकडायचा, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यातले सत्तर ओळखायचे.

या उपकरणाचं कूळ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: तोफखाना. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये गोळी टांगत्या ठोकळ्यात मारून वेग काढला, व्हीटस्टनने १८४० मध्ये विजेचं घड्याळ आणलं, बेल्जियन अधिकारी ल बुलाँजेने १८६० च्या दशकात गोळीकडून तारा तोडून घेऊन वेळ मोजली. हे सगळं खरं आहे. तरीही ही वंशावळ मला अर्धीच वाटते, कारण तिच्यात प्रश्नाचा बाप आहे, उपकरणाची आई नाही. वीस-पंचवीस ग्रॅमच्या बाणाला तार तोडायला लावली तर ज्याचं मोजमाप करायचं तेच उड्डाण बिघडतं. बाणाला हात न लावता त्याची वेळ नोंदणारं काहीतरी हवं होतं. प्रकाशाच्या एवढ्या झटपट बदलाला तितक्याच झटपट उत्तर देणारी वस्तू माझ्या मते तोफखान्याने घडवली नाही. ती बोलपटाने घडवली, आणि आपल्याकडे ती कामाला लागली गिरगावात.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. लोकांनी तिकिटासाठी केलेली झुंबड, पडद्यावरची गाणी, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रोजेक्टरच्या पोटात काय चाललं होतं, तिकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीने आवाज फिल्मवरच टिपला होता, तोही केनेडी ब्रिजजवळच्या स्टुडिओत, आगगाड्यांचा खडखडाट नको म्हणून रात्री उशिरा चित्रीकरण करून. चित्राच्या चौकटींशेजारच्या एका अरुंद पट्टीत तो आवाज गडद-फिकट छायेच्या रूपाने उमटलेला असे. प्रोजेक्टरमध्ये ही पट्टी एका छोट्या दिव्यासमोरून, सेकंदाला सुमारे ४६ सेंटीमीटर वेगाने, केसाहून बारीक फटीपुढून सरकायची. पलीकडे फोटोसेल. छाया दाट झाली की वीज कमी, विरळ झाली की जास्त. हा चढउतार वाढवून कर्ण्याला दिला की प्रेक्षागृहात माणूस बोलायचा. त्या काळच्या यंत्रणेतून सेकंदाला सहा-सात हजार कंपनांपर्यंतचा आवाज निघू शके. सात हजार कंपनांत एका छायेच्या वाट्याला किती वेळ येतो? कंपनाचा अर्धा भाग काळोखाचा धरला तर सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी एकाहत्तर. दहाचा नऊ होऊ नये म्हणून बाणाच्या सेन्सरला जे सत्तर भाग ओळखावे लागतात, तेच हे.

याला योगायोग म्हणणारे भेटतील. कानाची मर्यादा एका कारणाने ठरते आणि लक्ष्यावरच्या वर्तुळाचं माप दुसऱ्याच कारणाने. दोन आकडे जुळले म्हणून नातं जुळत नाही. आक्षेप वाजवी आहे, पण माझं म्हणणं आकड्यांच्या जुळण्यावर उभं नाही. प्रश्न असा की एवढा चपळ सेल घडवावा अशी निकड आणि ऐपत कोणाकडे होती? सेलेनियम उजेडाला दाद देतं हे १८७३ पासून माहीत होतं, पण ते मंद. उजेड गेल्यावरही त्याची वीज रेंगाळते, त्यामुळे उंच पट्टीचा सूर त्यात चिखलासारखा कालवला जातो. चपळ म्हणजे सीझियमचा लेप दिलेला सेल, आणि तो प्रयोगशाळेतून दुकानापर्यंत आला १९३० च्या आसपास. जगभरातली हजारो चित्रपटगृहं तेव्हा एकाच वेळी बोलकी होत होती. एकेका थिएटरला प्रोजेक्टरमागे सेल, शिवाय जादाचे लागायचे. एखाद्या तोफखान्याच्या चाचणी-मैदानाला लागतील असे किती? १९३० ते ४० च्या काळात अमेरिकन लष्कराने गोळीची सावली पकडणारे प्रकाश-पडदे उभारले, हे तोफखान्याचे वकील पुढे करतील. जरूर करावं. त्या पडद्यांतला सेल कुठल्या बाजाराने स्वस्त केला, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नाही. माझा कयास सरळ आहे: ‘खेळ हाऊसफुल’च्या पाटीने त्या सेलची किंमत उतरवली.

वारसा ओळखायचा तर नाकाडोळ्यांपेक्षा आनुवंशिक आजार पाहावा. बोलपटाच्या ध्वनी-दिव्याला घरातली साधी, उलटसुलट वाहणारी वीज चालत नसे. आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणून दिव्याचा प्रकाश शंभर वेळा उजळतो-मंदावतो. फोटोसेल बापडा फिल्मवरची छाया आणि दिव्याची लुकलुक यांत फरक करत नाही, आणि नायिकेच्या संवादामागे अखंड गुणगुण लागते. म्हणून त्या दिव्याला एकाच दिशेने वाहणारी वीज देत. आता बाणाचा सेन्सर छताखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवा. साध्या चोकची ट्यूबलाइट दर दहा मिलिसेकंदांनी मंदावते, आणि बाण साठ सेंटीमीटर ओलांडतो सातात. सेन्सर बाण नसताना वेग दाखवतो, असताना भलताच दाखवतो. खोड तीच, उपायही तोच: बॅटरीवर चालणारा स्वतंत्र, बहुधा अवरक्त, दिवा. उघड्यावर पांढऱ्या प्लास्टिकची छत्री लावून आकाशाचाच उजेड वापरतात. तिथे रणरणत्या उन्हापेक्षा श्रावणातलं ढगाळ आभाळ बरं. गोळीचा वेग तार तोडून मोजणाऱ्या ल बुलाँजेला हा आजार कधी झालाच नसता.

आणि आता मला सर्वांत आवडलेला दुवा. धनुष्यबाणाचं शास्त्र पद्धतशीर मोजायला घेणारा माणूस म्हणजे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन. पहिल्या महायुद्धात अग्निबाण-संशोधक गोडार्डबरोबर काम करताना झालेल्या स्फोटात त्याने बोटं गमावली होती. इथे तोफखानापक्षाला उसळी मारावीशी वाटेल, पण थांबा. बाणाचे वेग त्याने ज्या काळात मोजले, त्या १९२० च्या दशकात तो एका पियानो कंपनीत नोकरीला होता. आपोआप वाजणाऱ्या ‘अँपिको’ पियानोसाठी, वादकाने कुठला स्वर किती जोरात वाजवला हे टिपायचं होतं. स्वराचा जोर ठरतो हातोडीच्या वेगावर, म्हणून हिकमनने हातोडीचा वेग मोजणारं ठिणगीचं क्रोनोग्राफ केलं. त्याचा शोधनिबंध १९२९ मध्ये ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि बाणांच्या वेग-त्वरणावरचा निबंधही त्याच वर्षी. पियानोची हातोडी शेवटचा छोटासा टप्पा पट्टीच्या ढकलण्यातून सुटून, मोकळी उडून तारेवर आदळते. कोणीतरी रेटा द्यायचा, मग सोडून द्यायचं आणि सुटल्यानंतरच्या लहानशा अंतरात वेग पकडायचा: बाणाचा प्रश्नही तंतोतंत हाच आहे. १९३० मध्ये हिकमन बेल प्रयोगशाळेत गेला आणि तिथे आवाज चुंबकीय फितीवर टिपण्याच्या कामाला लागला. हिकमनचं यंत्र ठिणगीचं होतं, प्रकाशाचं नव्हे, हे कबूल. म्हणून मी त्याला फोटोसेलचा जनक म्हणत नाही. पण बाण कुठे आणि कसा मोजावा ही रीत संगीताच्या घरातून आली आणि तो मोजणारा डोळाही ध्वनीच्याच घरातून. दोन्हीकडचं माहेर एकच निघावं, हे तोफखान्याच्या कथेत बसत नाही.

त्या कथेत न बसणारं आणखी एक आहे. गोळी आखूड असते. बाण मात्र सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर, म्हणजे दोन सेन्सरांमधल्या अंतराहून लांब. फाळ दुसऱ्या सेन्सरवर पोचतो तेव्हा शेपूट अजून पहिल्याच्या मागेच असते, म्हणून घड्याळाने फक्त फाळाची पहिली सावली मानायची आणि मागून येणाऱ्या पिसांकडे दुर्लक्ष करायचं. शिवाय बाण वाकतो. दोरीने मागून ढकललं की दांडा धनुकलीसारखा लवतो आणि लक्ष्याकडे जाताना थरथरत राहतो. ही थरथर दोन्ही टोकं मोकळी असलेल्या दांडीची आहे. झायलोफोनच्या पट्टीची असते तीच. अशा एकसारख्या दांडीत टोकांपासून साधारण २२ टक्क्यांवर दोन बिंदू जागच्या जागी राहतात. बाणाच्या पुढच्या टोकाला फाळाचं वजन असल्यामुळे त्यातला पुढचा बिंदू आणखी पुढे सरकतो. बाण सरळ निघाला की नाही, हे या दोन बिंदूंची रेषा लक्ष्याकडे रोखलेली आहे का, यावर ठरतं. वेग सांगणारी एक सावली त्याला पुरत नाही. एकमेकांना काटकोनात लावलेल्या सेन्सरांच्या दोन रांगा हव्यात, फाळ आणि नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) कुठून गेले हे वेगवेगळं सांगणाऱ्या. त्या आकड्यांवरूनच धनुष्याचा ताण किंचित कमी करायचा, फाळ जड घ्यायचा, की दांडाच अधिक ताठ निवडायचा, हे ठरवता येतं. बंदुकीला हे प्रश्न पडत नाहीत, कारण गोळी लवत नाही. तोफखान्याची पुस्तकं इथे बंद करून ठेवावी लागतात, आणि झायलोफोनच्या पट्टीचं गणित उघडावं लागतं.