चाकोरी आणि सायकलचें हँडल

औशाचें नांव निघालें म्हणजे प्रथम किल्ला डोळ्यांपुढें येतो. लातूरच्या दक्षिणेस सुमारें 20 किलोमीटरवरील हा भुईकोट 1636 सालीं मोगलांच्या हातीं गेला, आणि त्याचा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. श्रोतेहो, माझें आजचें भाषण त्याच गांवच्या रानवाटांवरील एका साध्या गोष्टीविषयीं आहे. ती म्हणजे बैलगाडीची चाकोरी, आणि तिच्यांत सापडलेली सायकल.

या भागांतील काळी माती पावसांत लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यांत विटेसारखी कठीण बनते. ओल्या मातींत उमटलेली चाकोरी तशीच वाळून राहते. तिच्यांत सायकलचें पुढचें चाक उतरलें कीं कसलेला स्वारहि चार हातांच्या आंत आडवा होतो. वेग असतो, पकड असते, चाकहि सरळच चाललेलें असतें; मग तो पडतो कां? कारण एवढेंच कीं चाकाला वळावयास जागा उरलेली नसते. सायकल डावीकडे कलली म्हणजे पुढचें चाक डावीकडे वळलें पाहिजे. तसें झालें तरच चाकें कलत्या भाराखालीं जातात व सायकल सांवरते. आपण ज्याला तोल म्हणतों तो वास्तविक अशा क्षणोक्षणींच्या बारीक वळणांचा हिशेब आहे. औशाच्या गाडीवाटेनें जो एकदां पडला त्याला हें कळलेलें असतें. विद्वानांना मात्र त्यास दीड-दोन शतकें लागलीं.

कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थानें 1817 च्या जून महिन्यांत मानहाइम शहरांत आपलें दुचाकी यंत्र चालविलें. त्याला पायटे नव्हते. जमिनीला पाय मारीत जावयाचें. परंतु पुढचें चाक वळत होतें, आणि सायकलचा खरा जन्म मी त्या वळणांतच मानतों. 1869 सालीं स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ रँकिन यांनीं या तोलाची चर्चा केली. 1885 सालीं स्टार्ली यांची कॉव्हेंट्रीची 'रोव्हर' निघाली. तिची दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं, आणि पुढें तिच्यांत कलता चिमटा व थेट हँडल आलें. आजची साधी सायकल त्याच घराण्यांतली.

ती आपल्याकडे यावयास फार वेळ लागला नाहीं. 1888 सालीं किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधु रामुअण्णा त्या विकीत व चालविण्यास शिकवीत. शिकवणीचे 15 रुपये पडत. त्या काळीं ही रक्कम थोडी नव्हे! धडा मात्र तेव्हां आणि आतां एकच: ज्या बाजूस पडतां त्याच बाजूस हँडल वळवा. शिकाऊचा हात नेमका उलट जातो.

फिरतें चाक भोंवऱ्याप्रमाणें स्वतःस सांवरून धरतें, म्हणून सायकल उभी राहते, असें पुष्कळ वर्षें सांगितलें जाई. 1970 सालीं डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें पुढच्या चाकाशेजारीं उलट फिरणारें दुसरें चाक बसवून तो गुण नाहींसा केला. तरी सायकल बिनतक्रार चालली. पण चिमट्याची रचना बदलून चाक पुढें नेलें, तेव्हां ती आवरेना. पुढें 2011 मध्यें हॉलंड व अमेरिका येथील संशोधकांनीं असें यंत्र करून दाखविलें कीं त्यांत भोंवऱ्याचा गुण नाहीं, चिमट्याची नेहमींची ठेवणहि नाहीं, तरी ढकलून सोडलें असतां तें स्वारावांचून तोल राखतें. पडतांना पडत्या बाजूस तें आपोआप वळत होतें.

हें इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं सायकल डगमगूं लागली म्हणजे घरांत बहुधा मुलाला बोल लागतो, "तुझा हात अजून बसला नाहीं!" हात निर्दोष असतो, चाकोरी हँडलच्या नळींत पडलेली असते. त्या नळीच्या वर व खालीं दोन वाट्या असतात आणि त्यांत छर्रे. वर्षानुवर्षें खड्ड्यांचे धक्के खाऊन छर्ऱ्यांच्या खुणा वाटींत उमटतात, आणि चाक सरळ असतां छर्रे नेमके त्या खुणांत बसतात. पुढचें चाक उचलून धरावें व हँडल एका बोटानें हळूच फिरवावें. मध्यावर तें अडखळलें तर पुष्कळ जण नट सैल करून मोकळे होतात. त्यानें काम भागत नाहीं; वाट्या व छर्रे नवे घालावे लागतात. सर्व वळणभर घट्ट लागलें, तर जुनें ग्रीस धुळीनें थिजलें असेल किंवा नट अधिक आवळला असेल. तेथें खोलून धुणें, नवें ग्रीस भरणें व नट बेतानें लावणें पुरतें.

उलट खिळखिळेपणा असेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेंपुढें हलवावी आणि वाटीवर बोट ठेवावें. ठोका बोटाला लागतो. नट थोडा थोडा आवळून पाहावा, आणि ठोका थांबतांच हात आवरावा. माझ्या मतें अति घट्टपणा किंचित् सैलपणापेक्षां वाईट, कारण सैल सायकल खडखडून सांगते, घट्ट सायकल मुकाट्यानें पाडते.

सायकल एका अंगास ओढीत असेल तर आधीं पुढचें चाक चिमट्यांत मधोमध बसलें आहे कीं नाहीं तें पाहावें, मग चाकाचा आऊट काढावा. तरीहि ओढ राहिली, किंवा टकरीनंतर हँडल चंचल झालें, तर चिमटा बाजूनें न्याहाळावा. मागें दबलेला चिमटा दुकानांत ठोकून सरळ करून मिळतो, आणि पैसे वांचल्याचा आनंदहि होतो. पण वांकलेलें लोखंड पुन्हां वांकविलें म्हणजे अशक्त होतें, आणि चालत्या सायकलचा चिमटा तुटला तर स्वार तोंडावर आपटतो. म्हणून चिमट्याच्या माथ्याशीं, जेथें तो नळीला मिळतो, तेथील मळ रॉकेलनें पुसून उजेडांत पाहावें. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तरी तो चिमटा भंगारांत टाकावा आणि नवा बसेपर्यंत सायकल हातीं धरून न्यावी.