गढूळ पाण्याचा तांबडा काठ

१८६५ च्या वसंतात पोपच्या आरमारातील एका जहाजावरून अँजेलो सेक्की या जेझुइट पाद्र्याने भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या. सेक्की मुळात खगोलशास्त्रज्ञ. तबकडी ज्या खोलीवर दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पाण्याच्या पारदर्शकतेचे माप, इतकी साधी युक्ती. तळी मोजणारे लोक आजही ही तबकडी दोरीला बांधून सोडतात. पण पाणी किती गढूळ आहे एवढेच ती सांगते. ते कशाने गढूळ झाले, गाळाने की शैवालाने, हे सांगत नाही. आणि ज्याला ते पाणी प्यायचे आहे त्याच्या दृष्टीने सगळा प्रश्न तेवढाच असतो.

शैवालाची ओळख त्यातल्या हरितद्रव्यावरून पटते. हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, हिरवा फारसा शोषत नाही. म्हणून वरून पाहताना निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले की शैवालाचा अंदाज बांधता येतो. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी सुटलेल्या ‘निंबस-७’ उपग्रहावरील रंगमापकाने हेच केले. वर्षभराच्या प्रयोगासाठी बनवलेले ते यंत्र १९८६ पर्यंत चालले. त्याच्या नावात ‘कोस्टल’ होते, म्हणजे किनारा. पण यश मिळाले ते किनाऱ्यापासून दूर, निळ्याशार खोल समुद्रावर.

याचे कारण आधीच कागदावर आलेले होते. १९७७ साली आंद्रे मोरेल आणि लुई प्रियर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पाण्याचे दोन वर्ग पाडले. पहिल्यात पाण्याचा रंग शैवाल आणि त्याच्या सोबतची द्रव्येच ठरवतात. दुसऱ्यात गाळ असतो, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर अर्क असतो, आणि त्यांचा शैवालाशी संबंध असेलच असे नाही. हा अर्क निळा प्रकाश स्वतःच गिळतो, गाळ सगळाच प्रकाश विखरून टाकतो आणि निळ्या-हिरव्याचे गणित कोलमडते. मला या वर्गीकरणात नेहमी एक गंमत वाटते: दुसरा वर्ग म्हणजे खरे तर ‘उरलेले सगळे’. नद्या, धरणे, तळी, खाड्या; माणसे ज्याच्या काठी राहतात ते बहुतेक पाणी या उरलेल्यात गेले.

वाट सापडली ती वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला. सुमारे ६७५ नॅनोमीटरला हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते. ७०० च्या पुढे पाणी स्वतःच प्रकाश झपाट्याने शोषू लागते. या दोन खड्ड्यांच्या मधे एक लहानसा उंचवटा उरतो. शैवाल वाढले की तो उंच होतो आणि थोडा पुढेही सरकतो. पिवळा अर्क इथवर फारसा पोहोचत नाही. अनातोली गिटेल्सन यांनी १९९२ साली नेमक्या या शिखरावर निबंध लिहिला, आणि गढूळ तळ्यांच्या अभ्यासात त्याचा आधार पुढे सतत घेतला गेला.

युरोपच्या ‘एन्व्हिसॅट’वर २००२ मध्ये ‘मेरिस’ हे यंत्र गेले. त्यात ७०९ नॅनोमीटरचा पट्टा होता. हरितद्रव्याची ६८१ ची मंद चमक मोजायची तर दोन्ही बाजूंना टेकू हवेत. ६६५ हा एक, ७०९ हा दुसरा. दाट शैवाल दिसू लागले तेव्हा उलटेच झाले: टेकूच शिखर म्हणून उभा राहिला. जिम गोअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यावरून शैवालाचा निर्देशांक मांडला. अमेरिकेच्या ‘मोडिस’ने आपला दूरचा टेकू ७४८ ला धरला होता, त्याच्याकडे हे शिखर पाहायची सोयच नव्हती.

८ एप्रिल २०१२ रोजी ‘एन्व्हिसॅट’शी संपर्क तुटला. त्याचा वारस ‘सेंटिनेल-३’ उडाला १६ फेब्रुवारी २०१६ ला. मधल्या काळात, ऑगस्ट २०१४ मध्ये, ईरी सरोवरातील निळ्या-हिरव्या शैवालाचे विष टोलेडो शहराच्या नळांत उतरले. चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका असे सांगावे लागले, आणि उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने ते विष उलट अधिक दाट होते. ‘मेरिस’ असते तर संकट टळले असते असे मी म्हणणार नाही. उपग्रहाला रंगद्रव्य दिसते, विष दिसत नाही. पण या सरोवराच्या शैवालाचा दहा वर्षांचा हिशेब ज्या यंत्राने ठेवला, ते त्या उन्हाळ्यात नव्हते.

आपल्याकडे १९९९ च्या ‘ओशनसॅट-१’वर आठ पट्ट्यांचा रंगमापक होता, पण तांबड्यातला ६७० चा पट्टा संपला की पुढचा एकदम ७६५ ला. ते यंत्र समुद्रासाठी, मासेमारीसाठी होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. तिथले हिरवे पाणी पाहायला त्या काळी आपल्या उपग्रहात जागा नव्हती, एवढेच.

आता ‘सेंटिनेल-२’ आहे. त्यातला ७०५ चा पट्टा मुळात पिकांसाठी ठेवलेला, पण तो २० मीटरचा तुकडा वेगळा ओळखतो. ‘मेरिस’चा तुकडा ३०० मीटरचा, त्यात उजनीसारखे धरण मावते, गावतळे काठासकट हरवते. अर्थात पावसाळ्यात ढगांमुळे दोघेही आंधळेच. शिवाय निळ्या-हिरव्या शैवालाची खूण असलेले फायकोसायनिन ६२० च्या आसपास प्रकाश शोषते, आणि ‘सेंटिनेल-२’मध्ये तो पट्टा नाही. म्हणजे लहान तळे हिरवे झाले हे वरून कळते; ते विषारी होऊ शकणाऱ्या जातीचे आहे का, हे पाहायला बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेतच न्यावे लागते.