श्वास देणाऱ्याचा श्वास

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याला ‘घटसर्प’ म्हटले की आधी गुरांचा रोग आठवतो. पावसाळ्यापूर्वी त्याची लस टोचून घ्यावी लागते. मराठीने हाच शब्द माणसांच्या डिफ्थेरियालाही दिला. दोहोंचे जंतू निराळे, पण गळा आवळून श्वास कोंडण्याचे भय एकच.

१८२५ साली फ्रान्समध्ये ब्रेतोनो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका मुलीची श्वासनलिका छेदून, तीत नळी बसवून तिला वाचविले. पुढे ही शस्त्रक्रिया रूढ झाली. परंतु नळीत अडकलेला पडदा काही डॉक्टर तोंडाने ओढून काढीत आणि रोग अंगावर घेत. स्वतः डॉक्टर असलेल्या चेखव यांच्या ‘पोप्रिगून्या’ (१८९२) या कथेतील दिमोव एका मुलाच्या घशातील पडदा नळीने ओढतो आणि त्यातच मरण पावतो. साहित्याने अशा मरणाला हौतात्म्याचे तेज दिले.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णांच्या श्वासनलिका छेदण्यात आल्या आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रबरी पिशव्या हातांनी दाबून त्यांना श्वास पुरविला. आजच्या अतिदक्षता विभागाचे एक मूळ तेथे आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस बुलढाण्यात कोरोनाने जिल्ह्यातील पहिला बळी घेतला. तोवर हाताची जागा व्हेंटिलेटरने घेतली होती, पण धोका जुनाच होता: श्वासनलिका उघडताच यंत्राने रेटलेली हवा विषाणूंसह खोलीत पसरू शकते. म्हणून जगभरच्या शल्यचिकित्सकांनी नवी शिस्त आखली. शक्यतो दहा दिवस तरी थांबावे. खोलीत मोजकी, अनुभवी माणसे असावीत. त्यांनी एन-९५ मास्क व संरक्षक पोशाख घालावा. रुग्णाला खोकला येऊ नये म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध द्यावे. छेद घेताना व्हेंटिलेटर क्षणभर थांबवावा. नवी नळी बसून तिचा फुगा फुगल्यावरच तो पुन्हा सुरू करावा.

या नियमांत आम्हाला करुणेचे बदललेले रूप दिसते. दिमोवचे धैर्य वंदनीयच. परंतु जेथे तज्ज्ञ मोजके असतात, तेथे एक डॉक्टर आजारी पडला की त्याच्या मागे रांगेत असलेल्या रुग्णांचाही श्वास अडतो. सावधपणाला भित्रेपणा समजण्याची आपली वाचनाची सवय म्हणूनच तपासून पाहिली पाहिजे.